अकोला, नामिबिया मार्गे

साहेबांच्या बैठकीत दोन घड्याळं होती. एक आपल्या वेळेचं आणि दुसरं त्याच्या साडेतीन तास मागं चालणारं. मागच्या घड्याळाखाली त्यांनी स्वतःच्या हातानं, बसच्या पाटीवर असतात तशा जाड अक्षरांत, 'विंडहुक' असं लिहून चिकटवलं होतं. घरी नवा माणूस आला की तो त्या घड्याळाकडे बघायचा, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग साहेबांकडे. साहेब काही समजावून सांगत नसत. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ते बंद नाई भाऊ. ते त्याईच्या वाळवंटाचं हाये."

त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. अमरावतीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. साहेब मी तिथं राहायला येण्याआधीच निवृत्त झाले होते. बस स्टँडवर काचेच्या खिडकीआड बसून गाड्या फलाटाला लावणारा, आल्या-गेल्याची नोंद करणारा आणि माईकवरून पुकारणारा जो माणूस असतो, तो म्हणजे कंट्रोलर. तीसेक वर्षं त्यांनी ते काम केलं. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायची, मी नुसतं साहेब म्हणायचो. ते मला माझ्या नावानं कधीच हाक मारत नसत. "काय लायब्ररी, जागा हायेस का?" असं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून विचारायचे.

साहेब या पौषात गेले. मी लिहायला बसलो आहे आणि बाहेर चैत्र लागला आहे. मला कोणतीही गोष्ट उशिरा जमते, हे तेच म्हणायचे.

त्यांचं वाळवंट म्हणजे नामिबिया. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येचा देश. तिथं जायचं, एक उंच गाडी भाड्यानं घ्यायची आणि ती स्वतः चालवत चौदा दिवस त्या देशातून फिरायचं, असा त्यांचा बेत होता. ड्रायव्हर नको, गाइड नको. मी त्या घरात राहायला गेलो तेव्हा बेताला दोन वर्षं झाली होती आणि पुढं तो वाढतच गेला. त्यासाठी लांबट आकाराची एक नोंदवही होती, कामावर वापरत तशीच. तिच्यात त्यांनी चौदा दिवसांचं वेळापत्रक लिहिलं होतं. कुठून सुटायचं, कुठं पोचायचं, मधे किती थांबायचं, प्रत्यक्ष धावायला किती वेळ. रात्री जिथं राहायचं त्या गावापुढं ते 'मुक्कामी' असं लिहीत. खेड्यात जाऊन रात्रभर थांबणाऱ्या बसला जसं म्हणतात, तसं. शेवटचा रकाना दुसऱ्या ड्रायव्हरचा होता. वाळवंटात एका ड्रायव्हरच्या भरवशावर गाडी सोडायची नाही, असा त्यांचा नियम होता. त्या रकान्यात चौदाही दिवस 'लायब्ररी' असं लिहिलेलं होतं. तेव्हा मला सायकलखेरीज काही चालवता येत नव्हतं.

तिथं गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, याचं त्यांना मोठं समाधान होतं. "म्हणजे देवानंच ठरवलं न," म्हणायचे.

हा देशच का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी उलट मलाच जबाबदार धरलं. मी राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना लायब्ररीतून एक जुनं प्रवासाचं पुस्तक आणून दिलं होतं, त्यात सेसरीम नावाच्या जागेविषयी अर्धं पान होतं. तिथं एक अरुंद दगडी घळ आहे आणि तिच्या तळाशी पाणी साठतं. जुन्या काळी बैलगाड्यांनी वाळवंट ओलांडणारे लोक सहा चामडी वाद्या एकीला एक बांधून त्या घळीत बादली सोडत, तेव्हा कुठं ती पाण्याला टेकायची. म्हणून त्या जागेचं नावच सहा वाद्या. देश त्यांनी आधी नकाशावरून निवडला होता. या अर्ध्या पानानं तो पक्का झाला. त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "पाणी गोडं होतं का पण?"

पुस्तकात ते नव्हतं.

अमरावती आणि अकोल्याच्या मधे, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. वर काळी कसदार माती, पण विहीर खणली की खारं पाणी. साहेब दर्यापूरकडच्या अशाच एका गावचे. आता नळ आले आहेत. त्यांच्या लहानपणी पिण्याचं पाणी लांबून बैलगाडीत ड्रम ठेवून आणावं लागे. घरात दोन माठ असत. घरच्यांचा माठ विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा आणि पाहुण्यांचा गोड्या पाण्याचा. पाहुण्यांच्या माठाला पोरांनी हात लावायचा नाही. पाहुणा पाणी पिताना त्याच्या तोंडाकडे बघत बसल्याबद्दल आपण मार खाल्ला आहे, असं साहेब सांगत.

मग त्यांनी सेसरीमजवळच्या एका छोट्या मुक्कामाच्या जागेचा पत्ता मिळवला. एक म्हातारी बाई ती जागा चालवत होती. माझ्याकडून तिला इंग्रजीत ईमेल लिहून घेतली. रस्ता कसा आहे, पंप किती लांब आहे, वगैरे आणि शेवटी, तुमच्याकडचं पाणी गोडं आहे का? मला जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. चार दिवसांनी उत्तर आलं. बाईनं लिहिलं होतं की आमच्या बोअरचं पाणी खारट आहे. आम्ही तेच पितो, सवय झाली आहे. पाहुण्यांसाठी मात्र लांबून गोडं पाणी आणून वेगळ्या टाकीत ठेवतो.

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा साहेबांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आत बघून म्हणाले, "आयकलं का वो? हे तं आपलेच लोक निघाले."

काकू म्हणाल्या, "मंग इथंच काय वाईट होतं."

त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये तिला ईमेल जायची आणि तिचं उत्तर यायचं. उत्तराच्या शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असे की रस्ता ठीक आहे, तुमच्यासाठी गोडं पाणी राखून ठेवते.

पुकारण्याविषयी साहेबांचं एक मत होतं. सूचना दोनदा द्यायची, एकदा देऊन भागत नाही. "पयल्यांदा माणूस आयकते. दुसऱ्यांदा त्याले समजते." घरातही ते असंच बोलत. चहा झाला का, चहा झाला का. काकूंना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मला मात्र सुरुवातीला प्रत्येक वेळी वाटे की आपलं लक्ष नव्हतं म्हणून रागावले.

यामागची गोष्ट त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एकदा दुपारी तीनची एक गाडी बिघडून आगारात पडली होती. फेरी रद्द झाली. साहेबांनी वहीत तशी नोंद केली, पण पुकारलं नाही. ज्याला पाहिजे तो खिडकीवर येऊन विचारेल, असं त्यांना वाटलं. सहा वाजता ड्यूटी संपवून ते बाहेर आले, तर बाकावर एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. तीच गाडी धरायची होती तिला. साहेब म्हणाले, आजी, ती गाडी तर कधीचीच रद्द झाली, तुम्ही उठून विचारायचं तरी. म्हातारी म्हणाली, "तुमी सांगतलं नाई न बावा. मंग मी उठू कशी?"

साहेबांनी तिला घरी नेलं, काकूंनी जेवू घातलं, आणि सकाळी पहिल्या गाडीत बसवून दिलं. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता, एवढंच साहेब सांगत. कशाला उशीर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून गाडी उशिरा असली तर दोनदा पुकारायचं आणि रद्द असली तर खिडकीतून उठून फलाटावर जाऊन सांगायचं, असा त्यांनी नेम केला. इतर कंट्रोलर त्यांना हसत. ते म्हणायचे, "गाडी उशिरा सुटली तं चालते. सुटणारच नाई, हे सांगाच लागते. माणूस बसून राहते बिचारं."

त्यांनी एका लिलावात जुनी पांढरी जीप घेतली होती. तिच्यावर ते तालमी करत. नामिबियाचे बहुतेक रस्ते मुरमाचे, म्हणून आम्हीही मुरमाचे रस्ते शोधायचो. नोंदवहीत प्रत्येक टप्प्यासमोर त्यांनी इकडचा जोडीचा रस्ता लिहून ठेवला होता. तिकडच्या एका अवघड घाटासाठी पातूरचा घाट. मैलोगणती सरळ सपाट मैदानासाठी वलगाव, खल्लार, दर्यापूर आणि तिथून म्हैसांगवरून अकोला. त्यांनी मला गाडी शिकवली ती याच रस्त्यावर. शिकवताना ते ओरडत नसत. मी चूक केली की माईकवर बोलावं तशा सपाट आवाजात म्हणायचे, "चालकानं कृपया क्लच सोडावा."

वाळवंट म्हणजे ऊन, हे त्यांनी धरून चाललेलं होतं. शिवाय प्रवास मे महिन्यातच करायचा असतो. जन्मभर त्यांनी लोकांना मेमध्येच गावाला जाताना बघितलेलं. म्हणून मी येण्याआधीपासून, सलग तीन उन्हाळे, अकोल्यात पारा चढला अशी बातमी आली की साहेब गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी कूलरशिवाय बसून सराव करायचे. काकू दर अर्ध्या तासानं जिन्यातून हाक मारून ते जिवंत असल्याची खात्री करून घ्यायच्या. चौथ्या उन्हाळ्यात मी लायब्ररीतून एक मोठा ॲटलास आणला आणि आमच्या ध्यानात आलं की विषुववृत्ताच्या खाली मेमध्ये हिवाळा लागतो. रात्री पाणी गोठावं अशी थंडी पडते. साहेबांनी ॲटलास स्वतःकडे ओढून बघितला. मग त्यांनी वहीतलं पान उलटलं. पुढच्या जानेवारीत आम्ही चिखलदऱ्याला जाऊन एका गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात दोन ब्लँकेटांत झोपलो. उन्हात बसलेली तीन वर्षं फुकट गेली, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ती गोष्ट काकूंनी दर पाहुण्याला सांगितली.

तालमीचे नियम होते. कुणाला रस्ता विचारायचा नाही, कुणाकडून पाणी घ्यायचं नाही. एकदा खल्लारच्या पुढं आम्ही चाक बदलण्याचा सराव करायला थांबलो. पाच मिनिटांत चार माणसं जमली. एकानं जॅक बाजूला ठेवून जीप हातानंच उचलू, असं सुचवलं. शेजारच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन आली. साहेबांनी तिला समजावलं की आम्ही वाळवंटात आहोत असं समजून चाललो आहोत, इथं पाणी घेता येणार नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"असंल तुमचं वाळवंट," ती म्हणाली. "पण हे माह्यं वावर हाये. घ्या पाणी."

साहेबांनी पाणी घेतलं. जीपमध्ये बसल्यावर वहीत लिहिलं, थांबा वीस मिनिटं, कारण पाणी. मग म्हणाले, "तिकडं असं कोणी येणार नाई रे." मला वाटलं होतं, हे ते खुशीत म्हणतील. त्यांच्या आवाजात काळजी होती.

ज्या वर्षी आम्ही खरोखरच जाणार होतो, त्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. पासपोर्ट आले होते. परदेशात चालणारं लायसन काढून झालं होतं. काकूंनी दोन स्वेटर विणून ठेवले होते. दर्यापूरच्या अलीकडे साहेब जीप चालवत होते. सकाळचं स्वच्छ ऊन होतं, रस्ता सरळ. डाव्या कडेनं एक म्हातारा सायकलच्या कॅरिअरवर चाऱ्याचा भारा घेऊन चालला होता. मला तो लांबूनच दिसत होता. साहेब मला म्हैसांगच्या पुलाबद्दल काही सांगत होते. जीप त्याच्या जवळ गेली, आणखी जवळ गेली. शेवटी मी हात घालून स्टिअरिंग फिरवलं. जीप उजवीकडे गेली आणि थांबली. म्हातारा सायकलवरून उतरून आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याला काही झालं नव्हतं.

"मधातच आला तो," साहेब म्हणाले.

तो मधे आलेला नव्हता. मग मला एकेक आठवत गेलं. डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताला लागून सांडायचा. जिन्यावरून कुणी बाजूनं उतरलं की ते दचकायचे. समोरचं बारीक अक्षर मात्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसायचं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती.

तेव्हा मी सांगायला हवं होतं, साहेब, तुमचे डोळे दाखवून घेऊ. मी ते सांगितलं नाही. ते सांगितलं की सगळं संपेल, असं मला वाटलं. त्यांची नोंदवही, जीप, ते दुसरं घड्याळ. आठ दिवस विचार करून मी खाली गेलो आणि म्हणालो, प्राचार्यांनी रजा नामंजूर केली. मी अर्जच दिला नव्हता. एक वर्ष पुढं जाईल, तोवर त्यांचं त्यांना कळेल, असा माझा हिशेब होता. माझ्या तोंडून नको, एवढंच मी पाहिलं.

साहेबांनी नोंदवही मिटली. "मंग पुढच्या मेमधी," म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, नेहमीसारखं दुसऱ्यांदा, "पुढच्या मेमधी."

जूनमध्ये मी अकोल्याच्या एका कॉलेजात जागा घेतली आणि ते घर सोडलं. पगार जास्त आहे, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दोन घड्याळांखाली बसून चहा पिणं मला जड जात होतं.

दिवाळीत काकूंचा फोन आला. "तू ये बावा," त्या म्हणाल्या. "हे भिंतीले हात लावून चालून राहिले."

त्यांना मी अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू होता. कडेकडेनं नजर आत येत येत आता मधे बोटभर उजेड उरला होता. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले की एक वर्ष आधी आणलं असतं तर बरीच राखता आली असती. त्यांना वाटलं मी मुलगा आहे. मी मान हलवली.

दवाखान्याच्या फाटकाशी साहेब रिक्षाची वाट बघत उभे होते. काकूंनी त्यांचा दंड धरला होता. मला बघून, किंवा माझी चाहूल लागून, ते म्हणाले, "लायब्ररी, जीप तुले चालवता येते न आता?"

चौदा दिवसांचा प्रवास आम्ही चौदा रविवारी केला, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. मी शनिवारी अमरावतीला जायचो आणि रविवारी सकाळी वहीतल्या वेळेवर जीप निघायची. साहेब डाव्या सीटवर बसायचे. सुटण्याआधी मी दिवसाचं पान वाचून दाखवायचो आणि मग जोडीच्या रस्त्यानं जायचो. पहिल्या दिवशी विंडहुकहून निघून आम्ही वलगावकडे वळलो. थोड्या वेळानं साहेबांनी विचारलं, "काय दिसते?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी पुस्तकात वाचलेलं सांगायला लागलो. पिवळं गवत, लांबवर जांभळे डोंगर, वाळूचा पहिला पट्टा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "खोटं कायले बोलतं? वाळवंट मले पाठ हाये. मले हा रस्ता सांग. इतके वर्षं आपण याच्यावरून गेलो, अन् म्या कधी पायलाच नाई."

मी बघायला लागलो तेव्हा कळलं की मलाही तो सांगता येत नाही. शेत दिसायचं, पण शेतात काय आहे ते ठाऊक नसायचं. मी जीप थांबवून खाली उतरायचो, कुणाला तरी विचारायचो, परत येऊन सांगायचो. हरभरा सोंगून झालाय. कपाशीची पऱ्हाटी उपटून बांधावर ढीग लावलाय. पुलाखाली पाणी नाही, पण वाळूत कुणीतरी झिरा खणलाय. पळसाला आता पान एकही नाही, नुसतं फूल. साहेब प्रत्येक गोष्टीवर "हं" म्हणायचे, गाडी आल्याची नोंद केल्यासारखं. रस्ता विचारायचा नाही आणि पाणी घ्यायचं नाही हे नियम त्यांनी स्वतःच काढून टाकले. काही घरी तर आमची ओळख झाली. खल्लारच्या पुढची ती बाई जीप थांबली की हसत बाहेर यायची. "या. कुठवर आलं वाळवंट?"

सहाव्या रविवारी सेसरीम होतं. जोडीची जागा म्हणजे त्यांच्या गावची जुनी विहीर. आता ती कुणी वापरत नाही. मी त्यांना हात धरून काठापर्यंत नेलं. त्यांनी खाली वाकून हाक दिली आणि आवाज परत यायला किती वेळ लागतो ते ऐकलं. तिथं, त्या काठावर बसून, मी त्यांना सांगितलं. रजेचा अर्ज मी दिलाच नव्हता. त्या सायकलवाल्या म्हाताऱ्याच्या दिवशीच मला तुमच्या डोळ्यांचं कळलं होतं. मी बोललो नाही.

साहेब बराच वेळ काठावरचा दगड हातानं चाचपत राहिले. दोरानं घासून त्यावर पडलेल्या खाचा होत्या.

"अर्जाचं मले माईत होतं," ते म्हणाले. "म्या फोन केला होता तुह्या कॉलेजात. म्हणलं, प्रिन्सिपल साहेबाले हातापाया पडून सांगतो, सोडा पोराले. ते म्हणे, अर्जच नाई."

दगडावरच्या एका खाचेत त्यांनी बोट घातलं.

"मले वाटलं, तुले माह्यासंगं यायचंच नाई. भेला असंल, नाई तं कंटाळला असंल. मंग म्हणलं, कायले पोराले लाजवा." मग ते म्हणाले, "डोळ्याचं सांगा लागत होतं बे. मले बी जरा जरा समजून राहिलं होतं. कोणी दुसऱ्यानं सांगतलं असतं तं उठलो असतो मी."

एवढंच ते बोलले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी तहान लागल्याचं सांगितलं. मी जीपमधून बाटली आणली. ते म्हणाले, हे नाही, गावातून आण. मी एका घरून तांब्याभर पाणी आणलं. ते दोन घोट प्यायले आणि उरलेलं विहिरीत ओतलं.

चौदाव्या रविवारी आम्ही अकोल्याहून परत अमरावतीला आलो. मेचं ऊन उतरत होतं. फाटकाशी जीप थांबवली तेव्हा काकू दारात होत्या. साहेबांनी घसा साफ केला आणि मी कधी प्रत्यक्ष ऐकला नव्हता त्या आवाजात, स्टँडवरच्या आवाजात, म्हणाले, "अकोल्याहून नामिबिया मार्गे येणारी गाडी फलाटावर आली आहे." आणि पुन्हा एकदा तेच.

"या मंग," काकू म्हणाल्या. "चहा ठेवला हाये."

त्या वर्षी मार्चची ईमेल राहून गेली होती. जूनमध्ये मी विचारलं, त्या बाईला आता काय लिहू? मला वाटलं होतं, ते म्हणतील, गाडी रद्द. त्या गाठोडंवाल्या म्हातारीनंतर त्यांनी कुणाला बाकावर ताटकळत ठेवलं नव्हतं. साहेबांनी मान दुसऱ्या घड्याळाकडे वळवली. ते त्यांना दिसत नव्हतं, पण ते कुठं आहे हे ठाऊक होतं.

"लिही," म्हणाले, "पुढच्या मेमधी."

त्यापुढच्या वर्षीही तेच लिहिलं. तिचं उत्तर आलं. रस्ता ठीक आहे, पाणी राखून ठेवते.

पौषात साहेब गेले ते झोपेतच, दुपारच्या वेळी. दहाव्याला आलेल्या लोकांत स्टँडवरचे जुने चालक-वाहक पुष्कळ होते. एकानं सांगितलं की साहेब निवृत्त झाल्यानंतर रद्द गाडी फलाटावर येऊन सांगणारा कंट्रोलर आपण बघितला नाही. सगळे गेल्यावर काकू सतरंजीच्या घड्या घालत होत्या. मी घड्याळाकडे बघतो आहे हे त्यांना दिसलं. मी म्हणालो, हे उतरवून ठेवू का?

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आवाजाची सवय हाये मले." मग घडी हातात तशीच धरून विचारलं, "त्या पाण्यावाल्या बाईले कळवलं का?"

नाही, म्हणालो.

"मंग कळव न. वाट पायत असंल ते."

त्यालाही आता तीन महिने झाले. मार्चमध्ये तिचीच ईमेल आली, पहिल्यांदाच तिच्याकडून आधी. या वर्षी तुमचं पत्र नाही, असं लिहिलं होतं, आणि खाली नेहमीचं वाक्य. मी ती रोज उघडायचो आणि बंद करायचो. उत्तर पुष्कळ मोठं लिहावं, तिला सगळं सांगावं, विहीर, जीप, चौदा रविवार, असं वाटायचं आणि सुरुवात सापडायची नाही.

आज सकाळी लायब्ररी उघडली तेव्हा आत कोणी नव्हतं. मी टेबलाशी बसलो आणि इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं. साहेब वारले, आता ते येणार नाहीत, त्यांच्यासाठी पाणी राखून ठेवू नका.

वाचून बघितलं. वाक्य बरोबर होतं. ईमेल पाठवायला मी हात पुढं केला आणि थांबलो. मग त्या वाक्याच्या खाली, एक ओळ सोडून, तेच वाक्य पुन्हा एकदा लिहिलं.